दोनशे डॉलरच्या वर नाव लागतं

अमेरिकी काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, निवडणूक लढवायची तर उमेदवाराला सगळ्यात आधी खजिनदार लागतो. प्रचारप्रमुख नसेल तर चालतं, कार्यालय नसेल तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर भागतं. पण खजिनदाराची जागा रिकामी असेल तर प्रचार समितीला एक डॉलर घेता येत नाही की एक डॉलर खर्च करता येत नाही, असा कायदाच आहे. २०२४ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, मध्य न्यू जर्सीतल्या एका उमेदवाराची खजिनदार म्हणून मी काम केलं. तिचं नाव इथे देत नाही. मला सांगायचं आहे ते पैशाच्या हिशेबाबद्दल. ती सरकारी शाळेत शिकवते, आमच्या मुली एका वर्गात होत्या आणि मी व्यवसायाने अकाउंटंट. एवढ्या ओळखीवर तिने विचारलं आणि मी हो म्हटलं.

नवऱ्याने एकच विचारलं, "हिशेबात काही राहिलं तर दंड कोणाच्या नावावर?" प्रश्न रास्त होता. फेडरल इलेक्शन कमिशन, म्हणजे एफईसी, समितीवर कारवाई करतं तेव्हा खजिनदाराचं नावही त्यात येतं. आणि त्याने जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने कर्तव्य टाळलं असेल तर त्याला व्यक्तिशः जबाबदार धरता येतं. म्हणून मी उमेदवाराला एक अट घातली. पैसा कशावर खर्च करायचा ते तिने ठरवावं, पण आलेला प्रत्येक चेक बँकेत जाण्याआधी माझ्या डोळ्यांखालून गेला पाहिजे. तिने ती अट शेवटपर्यंत पाळली. "हे माझ्या जवळचे आहेत, यांना काही विचारू नकोस," असं ती एकदाही म्हणाली नाही. पुढे जे काही निभावलं त्यात तिच्या या एका गुणाचा वाटा फार मोठा आहे.

सुरुवातीचे सोपस्कार लवकर उरकले. पाच हजार डॉलरच्या वर पैसे जमले किंवा खर्च झाले की पंधरा दिवसांत फॉर्म २ भरून उमेदवारी जाहीर करायची, मग दहा दिवसांत समितीचा फॉर्म १ भरायचा. आयआरएसकडून, म्हणजे करखात्याकडून, समितीसाठी करक्रमांक घ्यायचा, बँकेत वेगळं खातं काढायचं. हिशेब भरण्याचं सॉफ्टवेअर एफईसी फुकट देतं. दिसायला जुनाट आहे, पण काम चोख करतं.

खरा अभ्यास सुरू झाला तो कोणाचा पैसा चालतो आणि कोणाचा चालत नाही या प्रश्नापासून. २०२३-२४ मध्ये एका माणसाला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त ३,३०० डॉलर देता येत होते. प्रायमरी ही एक निवडणूक आणि नोव्हेंबरची दुसरी, म्हणून दोन्हींसाठी मिळून ६,६०० डॉलर. रोख रक्कम शंभरापर्यंतच. देणाऱ्याचं नाव कळलं नाही तर पन्नासच्या वरची रोख आपल्याला ठेवता येत नाही. कंपन्यांच्या तिजोरीतून उमेदवाराला थेट काहीच नाही. हा नियम फार जुना, १९०७ च्या टिलमन कायद्याचा. त्याआधी १९०४ च्या निवडणुकीत थिओडोर रूझवेल्ट यांच्या प्रचाराला मोठ्या कंपन्यांनी पैसा पुरवल्याचं उघडकीला आलं होतं आणि लोक चिडले होते. अमेरिकेच्या केंद्र सरकारकडून ठेका घेतलेल्यांचाही पैसा चालत नाही. चेक हातात पडला की दहा दिवसांत बँकेत भरायचा आणि शंका असेल तर तीस दिवसांत एकतर खात्री करून घ्यायची नाहीतर परत करायचा.

आपल्या लोकांत एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची छोटी व्यवसायसंस्था, घरोघरी असते. कुणी छोटा व्यवसाय चालवतो, कुणी भाड्याची दोन घरं सांभाळतो, आणि हाताशी असलेल्या चेकबुकातून चेक फाडून देतो. पण चेकवर एलएलसीचं नाव दिसलं की माझं काम वाढायचं. ती एका मालकाची असेल आणि कंपनी म्हणून कर भरत नसेल तर तो चेक मालकाची वैयक्तिक देणगी मानला जातो. कंपनी म्हणून कर भरत असेल तर चेक सरळ परत. हे देणाऱ्याने स्वतः कळवायचं असतं. एका डॉक्टरांना मी फोन केला तर ते म्हणाले, "मी पैसे द्यायचे आणि वर दाखलाही द्यायचा?" मी त्यांना कायदा समजावला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या खात्यातला चेक पाठवला आणि सोबत चिठ्ठी : "हा तरी चालेल ना?" चालला.

पन्नास डॉलरच्या वर देणाऱ्याचं नाव आणि पत्ता लिहून ठेवावा लागतो. एकूण देणगी दोनशेच्या वर गेली की नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरी कुठे, हे सगळं अहवालात छापून येतं आणि एफईसीच्या संकेतस्थळावर जगातल्या कुणालाही दिसतं. इथे लोक अडखळायचे. पैसे द्यायला नव्हे, नाव द्यायला. "ऑफिसमध्ये कळलं तर?" "शेजारी दुसऱ्या पक्षाचे आहेत." काही जण व्यवसायाचा रकाना कोराच सोडायचे. मग तीस दिवसांच्या आत आपण पुन्हा विचारायचं, आणि त्या पत्रात आणखी देणगी मागायची नाही. आभार मानले तर चालतात. हा बारकावा मला फार आवडला. माहिती मागायच्या निमित्ताने पुन्हा हात पसरू नये, एवढा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला होता. ती पत्रं मी संध्याकाळी जेवणं झाल्यावर लिहीत बसायचे आणि प्रत्येकाच्या पत्रात एक वाक्य त्याच्यासाठी म्हणून लिहायचे. बहुतेकांनी उत्तर दिलं.

नावांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र मी आवर्जून सगळ्यांना सांगायचे. नवऱ्याच्या पगारावर घर चालत असलं तरी बायको स्वतःच्या नावाने, पूर्ण मर्यादेपर्यंत देणगी देऊ शकते. कायदा दोघांना दोन माणसं मानतो. संयुक्त खात्याच्या चेकवर सही कोणाची, त्याची ती देणगी. आमच्या ओळखीच्या एका वहिनींनी नागरिकत्व मिळून बरीच वर्षं झाली तरी कधी असा चेक लिहिला नव्हता. त्यांनी सही केली, व्यवसायाच्या रकान्यात गृहिणी असं लिहिलं आणि म्हणाल्या, "नाव माझंच छापा हं, ह्यांचं नको." अहवाल संकेतस्थळावर आला तेव्हा मी त्यांना तो दुवा पाठवला.

या यादीचा दुरुपयोग होऊ नये म्हणूनही तरतूद आहे. एफईसीच्या अहवालांतून देणगीदारांची नावं उचलून कुणी त्यांच्याकडे देणग्या मागू शकत नाही की त्यांना काही विकू शकत नाही. कुणी तसं करतंय का हे पकडण्यासाठी समितीला प्रत्येक अहवालात दहापर्यंत खोटी नावं पेरता येतात. ती कोणती हे एफईसीला बंद पाकिटात कळवायचं. त्या काल्पनिक माणसाच्या नावाने पत्र आलं की समजायचं, यादी चोरली. आमची समिती लहान होती, आम्हाला त्याची गरज पडली नाही. पण "नाव छापलं तर मला शंभर फोन येतील" म्हणणाऱ्यांना हे सांगितलं की त्यांची भीती बरीच कमी व्हायची.

याच सुमारास, १५ फेब्रुवारी २०२४ ला, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोख्यांची योजना रद्द केली. कोणत्या पक्षाला कोण पैसा देतो हे जाणून घेण्याचा मतदाराला हक्क आहे, असं पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं. नाशिकहून भावाचा फोन आला. तो तिथे वर्तमानपत्रात वाचत होता आणि मी इथे एकेका देणगीदाराला नोकरी कुठे आहे ते विचारत होते. भाऊ म्हणाला, "तुमच्याकडे दोनशे डॉलरला नाव छापतात आणि आमच्याकडे कोट्यवधींना नाव नव्हतं." पुढच्या महिन्यात स्टेट बँकेने दिलेली माहिती निवडणूक आयोगाने प्रसिद्ध केली तेव्हा आम्ही दोघं ती फोनवरच एकत्र वाचत बसलो.

सगळ्यात जड गेलं ते एक चेक परत करणं. पाठवणारा घरातल्यासारखा. पुण्याहून आलेला, दहाहून अधिक वर्षं एच-वन व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत. मुलगी इथे जन्मलेली, आमच्या उमेदवाराच्याच शाळेत जाणारी. चेक शंभर डॉलरचा होता. पण अमेरिकेचं नागरिकत्वही नाही आणि ग्रीन कार्डही नाही, असा माणूस या कायद्याच्या दृष्टीने परदेशी नागरिक ठरतो, मग तो इथे कितीही वर्षं कर भरत असो. संघराज्याची, राज्याची किंवा गावची कुठलीही निवडणूक असो, त्याच्याकडून एक सेंटही घेता येत नाही. ग्रीन कार्ड हातात आलं की मात्र देणगी चालते, मतदानाचा हक्क अजून नसला तरी.

पाकिटात घालून चेक परत पाठवणं मला योग्य वाटलं नाही. मी फोन केला. तो आधी गप्प झाला, मग म्हणाला, "ताई, टॅक्स तर घेतात ना माझा?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग म्हणाला, "बरं, मुलीच्या नावाने देतो. ती तर इथलीच नागरिक." अगदी सरळ मनाने म्हणाला. मला त्याला सांगावं लागलं की लहान मूल देणगी देऊ शकतं, पण निर्णय त्याचा आणि पैसा त्याचाच हवा. आईवडिलांनी त्यासाठी हातात दिलेला पैसा चालत नाही. आणि एकाचा पैसा दुसऱ्याच्या नावाने देणं हा नुसता तांत्रिक दोष नाही, गुन्हा आहे. मुंबईत जन्मलेले लेखक दिनेश डिसूझा यांचं उदाहरण मी दिलं. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या सिनेटच्या एका उमेदवाराला मर्यादेपलीकडे मदत करण्यासाठी त्यांनी दुसऱ्यांच्या नावाने वीस हजार डॉलर दिले. २०१४ मध्ये त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला; पाच वर्षांची परिविक्षा (प्रोबेशन), त्यातले आठ महिने निगराणीतल्या केंद्रात राहणं आणि तीस हजार डॉलर दंड झाला. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. ते तर अमेरिकी नागरिक होते. आमच्या मित्राचा व्हिसाच धोक्यात आला असता.

"मग मी काय करू शकतो?" असं त्याने विचारलं तेव्हा मात्र मला बरं वाटलं, कारण याचं उत्तर होतं. परदेशी नागरिकाला बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम करता येतं. दारोदार जा, फोन कर, पत्रकं वाट. पैसा कुठे खर्च करायचा, प्रचार कसा चालवायचा, या निर्णयांत भाग मात्र घ्यायचा नाही. तो शनिवारी येऊ लागला. खर्चाची बोलणी सुरू झाली की आपण होऊन उठून बाहेर जायचा. कुणी सांगावं लागलं नाही.

हा प्रश्न न्यायालयातही लढवला गेलेला आहे. तात्पुरत्या व्हिसावर न्यूयॉर्कमध्ये काम करणारा एक कॅनेडियन वकील आणि एक तरुण डॉक्टर यांनी दावा लावला होता. वकिलाला ओबामांच्या फेरनिवडीसाठी स्वतः पत्रकं छापून सेंट्रल पार्कमध्ये वाटायची होती. तेसुद्धा मनाई. २०११ मध्ये तीन न्यायाधीशांच्या न्यायालयाने दावा फेटाळला. निकाल लिहिला होता ब्रेट कॅव्हनॉ यांनी, जे पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. माझं मत विचाराल तर, नियम कठोर आहे आणि तरीही तो सैल करा असं मी म्हणणार नाही. ज्या दारातून माझ्या मित्राचे शंभर डॉलर आत येतील त्याच दारातून परदेशी सरकारांचा आणि परदेशी कंपन्यांचा पैसाही येईल. अन्याय आहे तो रांगेत. भारतात जन्मलेल्या माणसाला ग्रीन कार्डसाठी दशकानुदशकं थांबावं लागतं, आणि तेवढी वर्षं तो इथल्या सार्वजनिक आयुष्यात अर्धाच माणूस राहतो. बदलायला हवी ती रांग, आणि ती काँग्रेसच बदलू शकते.

मार्चमध्ये एका मराठी कुटुंबाने घरी निधीसंकलनाचा कार्यक्रम ठेवला. इथे नियम उदार निघाले. स्वतःच्या घरी उमेदवारासाठी लोकांना बोलावलं तर खाणंपिणं आणि निमंत्रणांवर एका व्यक्तीला एका निवडणुकीसाठी हजार डॉलरपर्यंतचा खर्च करता येतो; तो देणगीत धरत नाहीत. नवराबायको मिळून दोन हजार. बटाटेवडे एका ओळखीच्या उपाहारगृहातून आणायचे होते. मालक म्हणाले, "पैसे कसले देता, शाळेतल्या बाईंसाठी आहे ना!" त्यांची कंपनी नोंदलेली, म्हणजे फुकट वडे ही कंपनीची वस्तुरूप देणगी झाली असती आणि ती बेकायदा. पण खाद्यपदार्थ विकणाऱ्याने निदान पडकिमतीला, म्हणजे त्याला स्वतःला पडलेल्या खर्चाइतक्या भावाने, विकले तर चालतं, सवलत एका निवडणुकीसाठी हजार डॉलरच्या आत असेल तोवर. मी त्यांना बिल करायला लावलं. त्यांनी तेल, बटाटे, कामगारांचे तास असं सगळं मांडून पडकिमतीचं बिल दिलं. ते बिल मी समितीच्या कागदपत्रांत लावून ठेवलं.

त्या कार्यक्रमाची घोषणा आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकावी असं बऱ्याच जणांना वाटत होतं. मी नको म्हटलं आणि थोडी वाईटही झाले. अमेरिकेतली बहुतेक महाराष्ट्र मंडळं करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली आहेत. १९५४ मध्ये लिंडन जॉन्सन यांनी आणलेल्या दुरुस्तीपासून अशा संस्थांना कुठल्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात उतरायला बंदी आहे. मंडळाची सभासदयादी आम्हाला फुकट देणंही बसत नाही. अध्यक्ष स्वतःच्या घरातून, स्वतःच्या नावाने काय वाटेल ते करोत. पण गणेशोत्सवाच्या मंचावरून नाही. गणपतीला येणाऱ्यांत दोन्ही पक्षांची माणसं असतात, आणि त्यांना तिथे निर्धास्तपणे येता यावं म्हणूनसुद्धा हा नियम मला हवासा वाटतो.

एप्रिलच्या पंधरा तारखेला पहिल्या तिमाहीचा अहवाल गेला. प्रायमरी ४ जूनला होती, म्हणून १५ मेपर्यंतचा हिशेब २३ मेच्या आत द्यायचा होता. शेवटच्या वीस दिवसांत हजार किंवा जास्त डॉलरची देणगी आली तर ४८ तासांत कळवायची. त्या दिवसांत मी पोस्टाची पेटी आणि बँकेचं खातं दोन्ही रोज पाहत होते. उशीर झाला तर दंडाचं कोष्टकच ठरलेलं आहे. एफईसीकडून मधे एक पत्रही आलं, काही देणगीदारांच्या माहितीबद्दल आणि एका भागीदारी संस्थेच्या चेकच्या वाटणीबद्दल. उत्तर द्यायला ३५ दिवस मिळतात. पत्रावर विश्लेषकाचा नंबर होता. फोन केला तर त्या बाईंनी शांतपणे, ओळीने समजावलं : ही रक्कम या रकान्यात, ही भागीदारांच्या नावाने वेगळी. आमच्यासारख्या छोट्या समितीचा अहवाल कुणीतरी इतक्या बारकाईने वाचतंय याचं मला मनापासून समाधान वाटलं.

आणि मग मेमध्ये टपालाच्या पेट्यांत गुळगुळीत कागदावरची रंगीत पत्रकं पडू लागली. दुसऱ्या एका उमेदवाराच्या बाजूने, पण त्याच्या समितीने छापलेली नव्हेत. खाली चौकटीत बाहेरच्या एका गटाचं नाव. मतदानाच्या आधीच्या वीस दिवसांत असा हजार किंवा जास्त डॉलरचा स्वतंत्र खर्च २४ तासांत कळवावा लागतो, म्हणून मी एफईसीच्या संकेतस्थळावर जाऊन पाहिलं. आम्ही त्या हंगामात माणसं शोधून, पत्रं लिहून जे जमवलं होतं त्याहून अधिक रक्कम त्या गटाने एका आठवड्यात खर्च केली होती. गटाला पैसा कुणी दिला? त्याच्या अहवालात एका ना-नफा संस्थेचं नाव होतं. त्या संस्थेला पैसा कुणी दिला हे सांगायची तिला सक्ती नाही. माग तिथेच संपला.

हे कसं झालं याचा इतिहास मला तोवर तुकड्यातुकड्यांनी माहीत होता, त्या रात्री मी तो नीट वाचून काढला. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या काळातल्या वॉटरगेट घोटाळ्यानंतर १९७४ मध्ये काँग्रेसने देणगीवर आणि खर्चावर, दोन्हींवर मर्यादा घातल्या आणि एफईसी स्थापन केलं. जानेवारी १९७६ मध्ये बकली विरुद्ध व्हॅलेओ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं : देण्यावर मर्यादा चालेल, कारण त्यात भ्रष्टाचाराचा धोका आहे, खर्चावर चालणार नाही, कारण राजकारणात खर्च म्हणजे अभिव्यक्ती. भारतात लोकसभेच्या उमेदवाराला मोठ्या राज्यांत ९५ लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे, इथे तशी मर्यादाच नाही. उमेदवार स्वतःचा पैसाही हवा तेवढा घालू शकतो; मूळचे बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी आणि २०२२ मध्ये काँग्रेससाठी लढले ते बऱ्याच अंशी स्वतःच्या पैशावर, आणि ते पूर्ण कायदेशीर होतं. मग २१ जानेवारी २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा सिटिझन्स युनायटेड खटल्याचा निकाल आला : कंपन्या आणि संघटनाही उमेदवारापासून स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करू शकतात. दोनच महिन्यांनी स्पीचनाऊ खटल्यातल्या दुसऱ्या एका न्यायालयाच्या निकालाने, असा स्वतंत्र खर्च करणाऱ्या गटांना अमर्याद देणग्या घेण्याची मुभा मिळाली. सुपर पॅक जन्माला आले ते तिथे.

सुपर पॅकने उमेदवाराशी संगनमत करायचं नाही अशी अट मात्र आहे. तिलाही पळवाट आहे. उमेदवार आपल्या संकेतस्थळावर लाल चौकटीत लिहितो, "मतदारांना हे कळायला हवं", आणि बाहेरचा गट तोच मजकूर उचलून पत्रकं छापतो. सगळं उघड्यावर असल्यामुळे त्याला संगनमत ठरवणं कठीण. आमच्याही प्रचारात एका अनुभवी माणसाने अशी चौकट टाकायचा सल्ला दिला होता. उमेदवार म्हणाली, "मला जे मतदारांना सांगायचंय ते मी मतदारांनाच सांगेन." प्रायमरीच्या निकालापेक्षाही तिचं हे वाक्य माझ्या जास्त लक्षात राहिलं आहे.

नियम मोडणाऱ्यांवर कारवाई व्हायची तर एफईसीच्या सहापैकी चार आयुक्तांची मतं लागतात, आणि कायद्याने एका पक्षाचे तीनहून अधिक आयुक्त असू शकत नाहीत. हेतू चांगला होता : सत्तेतल्या पक्षाने आयोग विरोधकांवर सोडू नये. पण मोठ्या प्रकरणांत तीन विरुद्ध तीन होतं आणि फाईल बंद होते. कधी तर चार आयुक्तच नसतात. २०१९ च्या सप्टेंबरपासून पुढचं बरंचसं वर्ष गणपूर्ती नव्हती, आणि २०२५ च्या मे महिन्यात ती पुन्हा गेली. त्या काळातही मला भेटल्या तशा विश्लेषक अहवाल वाचतात, पत्रं पाठवतात. पण दंड ठोठावायला वर कुणी नाही. अध्यक्षांनी नावं पाठवायची आणि सिनेटने मंजूर करायची एवढंच तर हे काम, आणि दोन्ही पक्षांनी ते वर्षानुवर्षं लांबवलं आहे. मला याचा राग येतो. बटाटेवड्याचं बिल जपून ठेवणारी माणसं या देशात पुष्कळ आहेत. आयोग नीट चालावा एवढा त्यांचा हक्क आहे.

आम्ही प्रायमरी हरलो. हरल्यावर खजिनदाराचं काम संपत नाही, उलट दुसऱ्या दिवशीच सुरू होतं. ज्यांनी नोव्हेंबरसाठी म्हणून वेगळी रक्कम दिली होती ती परत करायची, कारण त्या निवडणुकीत आपण नाहीच. साठ दिवसांची मुदत. ते पैसे प्रायमरीत वापरून टाकायचा मोह समित्यांना होतो, म्हणून मी ते पहिल्यापासून हिशेबात बाजूला काढून ठेवले होते. चेक लिहून सगळ्यांना पाठवले. काही जणांना इतकं आश्चर्य वाटलं की त्यांनी फोन करून विचारलं, राजकारणी माणसाकडून पैसे परत येतात का! छपाईवाल्याची आणि जागेच्या भाड्याची देणी फेडली. उरलेली थोडी रक्कम उमेदवाराला स्वतःसाठी वापरता येत नाही. पक्षाला, धर्मादाय संस्थेला देता येते किंवा देणगीदारांना परत करता येते. आम्ही ती एका धर्मादाय संस्थेला दिली, शेवटचा अहवाल भरला आणि समिती बंद करण्याचा अर्ज केला. एफईसीचं मंजुरीचं पत्र आलं. कागदपत्रं तीन वर्षं ठेवायची आहेत, ती ठेवली आहेत.

पुढच्या महिन्यात मंडळाच्या सभागृहात मी एक सत्र घेणार आहे. उमेदवाराचं किंवा पक्षाचं नाव त्यात येणार नाही, तेवढं मंडळाला चालतं. एफईसीच्या संकेतस्थळावर आपल्या मतदारसंघातल्या कुठल्याही उमेदवाराचे देणगीदार कसे शोधायचे, बाहेरच्या गटाचा खर्च कुठे दिसतो, माग कुठे थांबतो, हे प्रत्यक्ष दाखवेन. लॅपटॉप घेऊन या. एच-वनवरच्यांनीही यावं, अहवाल वाचायला कसलंही कार्ड लागत नाही, आणि आमचा पुण्याचा मित्र तिथे माझ्या मदतीला असणार आहे.